‘मराठीत फसवणुकीला एकच शब्द’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

पुण्यात सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीत लोकांना फसवण्याचे शंभरावर शब्द, मराठीत मात्र ‘फसवणूक’ हा एकच, हे शब्द इंग्रजांच्या जेलमधून आणि कोर्टातून आलेले, म्हणजे फसवणं त्यांच्या रक्तातच, आपण ते त्यांच्याकडून शिकलो, आणि आपल्या भाषेत, आपल्या माणसांत राहणारा, लोभ नसलेला माणूस कधी फसत नाही. मराठीच्या अभिमानापोटी लोक तो पुढे पाठवतात. मला त्याचा मनापासून राग येतो. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

आधी तो ‘एकच शब्द’. गंडा घालणं पैशाच्या व्यवहारात होतं. तोंडाला पानं पुसतात ती मोठं आश्वासन देऊन काहीच न देणाऱ्याने. हातावर तुरी देऊन जो निसटतो तो आधी तावडीत सापडलेला असतो. केसाने गळा कापायला माणूस जवळचाच लागतो, परक्याला ते जमत नाही. धूळफेक बहुधा चारचौघांच्या डोळ्यांत होते, आणि थाप एकालाही मारता येते. शिवाय टोपी घालणं, शेंडी लावणं, चुना लावणं, मामा बनवणं, गाजर दाखवणं. माणसांचे प्रकार तर वेगळेच: ठक, लुच्चा, लफंगा, भोंदू, तोतया. फसणाऱ्याच्या बाजूनेही भाषा तितकीच बारकाईने बोलते. कुणी फशी पडतो, कुणी गळाला लागतो, कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जातं. ज्या भाषेत ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ हे लहान मुलालाही पाठ असतं, तिला या बाबतीत भोळी ठरवणं म्हणजे ती न ऐकताच तिच्याबद्दल बोलणं आहे.

यात खुद्द पुण्याचीही भर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या हुकुमाचं कुणीतरी ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका आहे. खरं काय घडलं यावर इतिहासकार बोलतीलच, पण कागदावरचं अक्षर फिरवून केलेल्या दग्याला ‘ध चा मा’ असं नाव तेव्हापासून मराठीत कायमचं बसलं. शंका असेल त्यांनी पुण्यातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश काढावा. १८३१ साली तो पहिल्यांदा छापला गेला, १८५७ साली वाढवून पुन्हा निघाला. आपल्या शब्दांची श्रीमंती त्यात पानोपानी दिसते.

या इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांचं लवकर आटोपतं. मजकुरात म्हटलंय की ‘कॉन’, म्हणजे ठकवणं, हा शब्द ‘कॉन्व्हिक्ट’वरून, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यावरून आला. तो ‘कॉन्फिडन्स’वरून, म्हणजे विश्वासावरून आला. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्सन नावाचा माणूस पकडला गेला. तो रस्त्यात अनोळखी गृहस्थांशी गोड बोलायचा आणि विचारायचा, माझ्यावर एवढा विश्वास आहे का, की तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवाल? लोक देत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. ‘पॉन्झी’ हे इटलीतून आलेल्या चार्ल्स पॉन्झीचं आडनाव; त्याने १९२० साली बॉस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवलं आणि नव्यांच्या पैशातून जुन्यांना दिलं. ‘स्विंडलर’ (ठक) जर्मनमधून आला, ‘ड्यूप’ (फसणारा) फ्रेंचमधून, ‘शार्लटन’ (भोंदू) इटालियनमधून.

अस्सल इंग्लंडचा म्हणावा असा ‘गॅसलायटिंग’ आहे, तो पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या नाटकावरून पडला. त्यात नवऱ्याच्या उद्योगांमुळे घरातले गॅसचे दिवे मंद होतात. बायकोला ते दिसतं, आणि तिचं डोकं ठिकाणावर नाही असं तिच्या मनात भरवलं जातं. आज हा शब्द कोण वापरतं? असा छळ सोसलेल्या बायका, आपल्याशी काय झालं ते सांगण्यासाठी. ‘कॉन’ आणि ‘पॉन्झी’सुद्धा ठकवणाऱ्यांनी घडवले नाहीत, फसवणूक उघडकीला आणणाऱ्यांनी घडवले. म्हणून असे शब्द भाषेत भरपूर असणं हा त्या समाजाच्या लबाडीचा पुरावा मानताच येत नाही.

आता ‘रक्त’. या विधानावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. इंग्रजीतला ‘ठग’ आपल्याकडून गेलेला शब्द आहे. मूळ संस्कृत धातू ‘स्थग्’, म्हणजे झाकणं, लपवणं. कंपनी सरकारने १८३० नंतर ठगांविरुद्ध मोहीम उघडली, आणि १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावरच जन्मठेप ठेवली. विशिष्ट गुन्हा सिद्ध व्हायची गरज उरली नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या झाल्या. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव आहे, आणि आपण ‘भामटा’ हा शब्द शिवी म्हणून सहज वापरतो. त्या नावाची मुलं शाळेत काय ऐकत असतील? फसवणं अमक्यांच्या रक्तात असतं, हा विचार इथे राज्य करणाऱ्यांनी आपल्याच माणसांवर चालवला आणि त्यात पिढ्या भरडल्या गेल्या. तोच विचार दिशा बदलून आपण अभिमानाने पुढे पाठवावा, हे मला सहन होत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: लोभ नसलेला फसत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ परत आल्याचा दावा करणारा तोतया उभा राहिला. तो रत्नागिरीला कैदेत होता. १७७६ साली तिथून सुटून त्याने कोकणात बंड केलं, लोक त्याला येऊन मिळाले, आणि अखेर त्याला पकडून पुण्यात देहदंड दिला गेला. त्याच्यामागे गेलेल्यांत स्वार्थी असतीलही. पण ज्यांच्या घरचं माणूस पानिपतावरून परतलंच नाही, त्यांना भाऊ जिवंत असावेत असं वाटणं हा लोभ नव्हता.

आजचे फसवणारे तर भीतीच वापरतात. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, मुलांना सांगाल तर त्यांनाही अडकवू. असली अटक आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं. बोलणारा अस्खलित मराठी बोलू शकतो, ‘काका’, ‘मावशी’ म्हणू शकतो. भाषा आपली म्हणून माणूस आपला, असं मानणारे त्याला आयतेच सापडतात. कायदा अशा फसवणुकीला ओळखतो: जुनं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तोतयेगिरीसाठी ३१९ आहे. कुणी लोभी होतं की नाही, हे ही कलमं विचारत नाहीत.

तो मजकूर वाचलेले काका उद्या फसले, तर ते घरी सांगायला लाजतील, कारण ‘फसतो तो लोभी’ हे त्यांच्याच ग्रुपवर शंभरदा वाचलेलं असेल. आणि तेच तास महत्त्वाचे असतात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या फोन क्रमांकावर ताबडतोब तक्रार गेली, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवस गप्प राहिल्यावर ती फारशी उरत नाही. तुमच्या ग्रुपवर हा मजकूर आला असेल, तर त्याच्याखाली हा क्रमांक लिहा, आणि काकांना आजच सांगून ठेवा की असं काही झालं तर रात्री दोन वाजता उठवलं तरी चालेल.