नंदूचं लायसन

न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवरचा आमचा कट्टा म्हणजे पार्किंग लॉटच्या कडेची बुटकी भिंत. शनिवारी किराणा डिकीत टाकला की कागदी कपातला चहा घेऊन जो तो तिथे टेकतो. दूध खराब होईल म्हणून घरून फोन येईपर्यंत बैठक चालते.

परवा शिर्‍या फोनवर न्यूयॉर्कच्या त्या ग्रीन लाईट खटल्याची बातमी वाचत होता. व्हिसाचे कागद नसलेल्यांनाही गाडीचं लायसन देणारा न्यूयॉर्कचा ग्रीन लाईट कायदा, त्यावर केंद्र सरकारने केलेला खटला. दोन ओळी व्हायच्या आत नंदू सुरू.

"बरोबर खेचलंय कोर्टात! कागद नसताना राहायचं आणि वर लायसन पण पाहिजे? आम्ही नाही लाईनीत उभे राहिलो? ब्रीच कँडीला पहाटे चार वाजता…"

"पावसात," शिर्‍या म्हणाला.

"छत्री नव्हती," मी.

"आणि पुढचा माणूस चक्कर येऊन पडला," निलेश. नंदू 1998 साली व्हिसाच्या लाईनीत होता तेव्हा निलेश चौथीत होता, पण ही कथा त्यालाही तोंडपाठ आहे.

विद्या हसली नाही. ती गाडीच्या इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये आहे, आठवडाभर लोकांची ठोकाठोक ऐकते. "नंदू, मागे ह्याच लॉटमध्ये तुझी नवी गाडी ठोकून कोण पळालं होतं?"

"त्यांच्यातलाच असणार कोणीतरी!"

"बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे?"

"बरं, तुझंच खरं. पळाला का मग? लायसन नाही, म्हणजे इन्शुरन्स नाही, पोलीस आले की संपलंच. डिडक्टिबल, म्हणजे स्वतःच्या खिशातून, किती भरलंस?"

"हजार." ही जखम अजून ओली आहे. त्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीतसुद्धा त्याने हे कारण सांगून घासाघीस केली होती.

"लायसन असतं तर माणूस थांबला असता, कार्ड दाखवलं असतं, तुझे हजार वाचले असते. कॅलिफोर्निया 2015 पासून देतंय. पहिल्याच वर्षी ठोकून पळणं कमी झालं, स्टॅनफर्डवाल्यांनी मोजलंय. कागद नसलेला माणूस रोज सकाळी गाडी काढतोच, लायसन दे नाहीतर नको देऊ. तुझं लॉन कापायला येतो तो काय बसने येतो, मागे मशीन बांधून?"

"त्याचे कागद मी कशाला विचारू?"

"नको विचारूस. पंचवीस डॉलर स्वस्त पडतो ना."

नंदू लाल झाला. मग त्याने ठेवणीतलं काढलं. "न्यूयॉर्कला काय मिळालं सांग! 2020 मध्ये ह्या कायद्यापायी माझ्या मेव्हण्याची ग्लोबल एंट्री, विमानतळावरची लाईन चुकवायची ती, अडकली!"

"फेब्रुवारीत अडकली, जुलैत सुटली," विद्या म्हणाली. "आणि त्या दिवसांत तुझा मेव्हणा क्वीन्सच्या बेसमेंटमध्ये कोथिंबीर साबणाने धूत होता. ग्लोबल कुठे निघाला होता?"

शिर्‍याला ठसका लागला. तो सावरून म्हणाला, "तसे आपलेही आहेत बरं का. 2025 च्या फेब्रुवारीत अमृतसरला ते विमान उतरलं ना, अमेरिकेने परत पाठवलेल्या 104 जणांचं? त्यात तिघे महाराष्ट्रातले होते." त्यावर क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग निलेशने नको तिथे तोंड घातलं. "तरी पण, नियम म्हणजे नियम."

"तू बोलू नकोस," विद्या त्याच्याकडे वळली. "तुझ्या एच-वनची मुदत संपली, एक्स्टेन्शन पडून होतं, लायसन पण त्याच तारखेला मेलं. दोन महिने ऑफिसला कोण सोडायचं?"

"नंदू."

"आणि दूध आणायला?"

निलेश कपात बघत बसला. त्याचे वडील, आमचे काका, सातारा आगारात एसटीवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. ते गालातल्या गालात हसले. "न्हेत हुता की. मी शेजारी बसल्यालो. ब्रेक लई उशिरा दाबतोय."

एवढं झाल्यावर नंदूने गप्प बसायला हवं होतं. "पण माझं लायसन आणि त्यांचं लायसन एक कसं?" म्हणत त्याने पाकीट काढलं आणि कार्ड नाचवलं. विद्याने ते हातातून घेतलं, उन्हात धरलं आणि कोपर्‍यातली बारीक अक्षरं मोठ्याने वाचली.

"नॉट फॉर रियल आयडी पर्पजेस. म्हणजे विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालणारं रियल आयडी नव्हे हे."

"अरे, अपॉइंटमेंटच मिळत नव्हती! रोज पहाटे उठून साईट बघायचो!"

"पुन्हा पहाटे," शिर्‍या म्हणाला.

"तेच कार्ड आहे हे नंदू," विद्या म्हणाली. "न्यू जर्सीने 2021 च्या मेपासून कागद नसलेल्यांना वेगळं काही दिलं नाही, हेच साधं लायसन दिलं. तू सिटिझन, तो लॉनवाला, दोघांच्या कार्डावर हीच ओळ. डेलावेअर आणि कनेक्टिकटने वेगळी कार्डं काढली, तर फ्लोरिडाने 2023 मध्ये ती बरोबर वेचून बाद केली. आपल्याकडची वेचता येत नाहीत. का? तर त्यांच्यात तू लपलायस."

"मी पासपोर्ट घेऊन फिरतो," नंदू पुटपुटला.

"एडिसनच्या ट्रॅफिक पोलिसाला पासपोर्ट दाखवतोस?"

आता कार्ड हातोहात फिरू लागलं. शिर्‍याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्यात तू तसाही रियल वाटत नाहीस रे. केस कुणाचे आहेत?" त्या केसांवरून मग 2012 च्या दिवाळी कार्यक्रमातला नंदूचा शिवाजी निघाला, निसटलेली दाढी निघाली, आणि ग्रीन लाईट कुठच्या कुठे राहिला. नंदूसुद्धा हसायला लागला. तसा तो मनाने बरा आहे. दोन महिने निलेशला रोज सोडत होता, पेट्रोलचे पैसे न घेता.

कार्ड शेवटी काकांकडे आलं. त्यांनी चष्मा वर करून ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, अंगठ्याने कड तपासली.

"कागद न्हाईत त्यास्नी बी ह्येच देत्यात?"

"हो काका, परीक्षा पास झाले की."

"मग माझ्यापाशी तर व्हिसा हाय. मला द्या की काडून. ह्यो पोरगा चावीला हात लावू देत न्हाई."

निलेशने चहा संपायच्या आतच त्यांना गाडीत बसवलं. मागच्या सीटवर.