मूळचे पुण्याचे

घरामागे आमची जेमतेम अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. जुलैत तिथे हिरवंगार काहीतरी उगवलं. पानं नाजूक, कातरलेली, थेट गाजरासारखी. "वा, निसर्ग!" असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा.

मुक्कामाला आलेले सासरे, म्हणजे कृषी खात्यातून निवृत्त झालेले नाना, गॅलरीतून ओरडले, "निसर्ग कसला जावईबापू, काँग्रेस आहे ती! फुलायच्या आत उपटा."

(म्हणजे गाजर गवत. घरात राजकारण नको म्हणून मी गाजरच म्हणतो.)

"बघू," मी म्हणालो आणि तिथेच घोळ झाला. ऑगस्टअखेर गवत कमरेला लागलं, वर पांढऱ्या फुलांची खसखस. "एकेका झाडाला 10 ते 25 हजार बी धरतं," नानांनी चहा ओतता ओतता सांगितलं. मी झाडं मोजणं थांबवलं.

उपटायला ओली जमीन हवी. मी मुहूर्त काढला तो चार दिवस कडकडीत ऊन पडल्यानंतरचा रविवार. ओढलं की खोड हातात, मूळ जागेवर. अंगाला लागलं तर खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, डोक्याला टॉवेल, हाताला दुधाच्या पिशव्या. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "आमच्या गच्चीखालचं पोळं काढायचे किती घ्याल?" उत्तरादाखल मी सात वेळा शिंकलो.

नाना खुर्ची टाकून बसलेच होते. "हे खाणारे मेक्सिकन भुंगेरे मिळतात. पावसाळ्यात पानं फस्त करतात, नंतर जमिनीत जाऊन महिनोन् महिने झोपतात."

"तसा एक जावई आहेच की," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग इतिहास. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच. मी पुण्यात आलो 1998 साली. हातातली जुडी एकदम जड वाटली. मूळचे पुण्याचे ते, आणि भाडेकरूने मालकाला घराबाहेर काढावं तसा मी त्यांना ओढतोय!

संध्याकाळी सगळा ढीग खताच्या ड्रममध्ये कोंबला आणि कोपरापर्यंत कॅलामाइन फासून झोपलो. फुललेलं गवत खतात टाकायचं नसतं, हे नानांनी गावी पोचल्यावर फोन करून सांगितलं.

दिवाळीत बायकोने त्याच खतात शेवंती लावली. परवा कौतुकाने हाक मारली, "अहो, बघा तरी, कशी तरारलीय!"

मी कुंडीवर वाकलो. पानं नाजूक होती. कातरलेली.