तेच की तसंच? कट्ट्यावर त्रैक्य

काल कट्ट्यावर त्रैक्यावरून, म्हणजे ख्रिश्चनांचा देव एकच आणि तरी पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असे तिघे यावरून, जे झालं ते लिहून काढतोय, कारण रात्री अकरापर्यंत भांडूनही कोण जिंकलं यावर आज सकाळपासून ग्रुपवर परत जुंपलीये. मंडळी नेहमीचीच: वकील, बंड्या, मी आणि फादर. फादर म्हणजे खरा फादर नव्हे, पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत दोन वर्षं काढून बाहेर पडला आणि आता अकाउंट्स बघतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

वकिलाने सुरुवातच खोचक केली. "तू आकडेमोड करणारा माणूस, पिता एक, पुत्र एक, पवित्र आत्मा एक आणि टोटल परत एकच, ऑडिटमध्ये चालेल का रे?" फादर म्हणाला बेरीज करायची असती तर चर्चने तुझ्याआधी केली असती.

बंड्याला भांडण मिटवायची भारी हौस. म्हणे अरे सोपंय, पाणी, बर्फ, वाफ, वस्तू एक रूपं तीन. फादर हसायलाच लागला, "झालं, तू सॅबेलियस झालास. तिसऱ्या शतकात तो हेच सांगत होता, देव एकच, मुखवटे तीन, आणि त्याला चर्चने बाहेर काढलं." का, तर येशूचा बाप्तिस्मा आठव म्हणे, पुत्र यार्देन नदीत उभा, आत्मा कबुतरासारखा वरून उतरतोय आणि आकाशातून पित्याचा आवाज येतोय, सगळं एकाच वेळी. मुखवटे बदलणारा एकच नट असेल तर हा सीन होईल कसा? मग बंड्याने ब्रह्मा-विष्णू-महेश काढले. फादर म्हणाला तिथे कामं वाटून दिलीयेत, इथे वाटणी नाही. मी सूर्य, प्रकाश, उष्णता म्हणून बघितलं. ते त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं, कारण 'प्रकाशातून प्रकाश' हे शब्द निकीयाच्या क्रीडमध्येच, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या जुन्या जाहीरनाम्यातच आहेत, पण उष्णतेशी कुणी बोलत नाही आणि उष्णता कुणावर प्रेम करत नाही म्हणे, सो तेही बाद.

मग त्याने खिशातून एका पावतीचा कागद काढला आणि मागे त्रिकोण काढला. तीन टोकांना पिता, पुत्र, आत्मा, मधोमध देव. बाहेरच्या तिन्ही रेघांवर 'नाही' लिहिलं, आत जाणाऱ्या तिन्ही रेघांवर 'आहे'. पिता पुत्र नाही, पुत्र आत्मा नाही, आत्मा पिता नाही, पण तिघेही देव आहेत आणि देव एकच आहे. हे चित्र मध्ययुगापासून चालत आलंय.

वकील कागदावर तुटून पडला. "पिता म्हणजे देव, पुत्र म्हणजे देव, मग पिता म्हणजे पुत्र, शाळेतलं पोरगंही सांगेल." फादर म्हणाला तू 'आहे'चं 'बरोबर' करतोयस, सोनं पिवळं आहे म्हणजे सोनं बरोबर पिवळं नव्हे. वकील म्हणाला मग देव हा रंगासारखा गुण झाला, अंगठी पिवळी, बांगडी पिवळी, म्हणजे वस्तू दोन झाल्या, देव तीन झाले. इथे फादर जरा गप्प झाला आणि माझ्या मते हा पॉइंट वकिलाचाच. चौथ्या शतकात नीसाच्या बिशप ग्रेगरीलाही 'आम्ही तीन देव मानत नाही' यावर वेगळं प्रकरण लिहावं लागलं, ते काय उगाच नाही.

मग वकिलाने नेहमीचा बार उडवला, की 325 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकीया शहरात बिशप जमवले आणि मतदान घेऊन येशूला देव केलं. फादर चिडलाच. इ.स. 112 च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतोय की ही माणसं पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं गातात, मग निकीयाला नवीन काय ठरवलं? भांडण वेगळंच होतं. अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस म्हणत होता की पुत्र सगळ्यात थोर, सगळ्यात पहिला, पण शेवटी घडवलेलाच, तो नव्हता असंही एकदा होतं. समोरचे म्हणत होते पुत्र पित्यापासून जन्मलाय हे खरं, पण तो घडवलेला नाही. आणि सम्राटच सगळं ठरवत होता म्हणावं तर त्या कॉन्स्टंटाइनला 337 साली मरताना बाप्तिस्मा दिला तो एरियसच्या बाजूच्या बिशपने, आणि निकीयाचा एरियसविरुद्धचा निकाल लढवणाऱ्या बिशप अथानेसियसला वेगवेगळ्या सम्राटांनी मिळून पाच वेळा हद्दपार केलं.

पुढे तर वाद एका अक्षरावर आला. ग्रीकमध्ये 'होमोऊसिओस' आणि 'होमोइऊसिओस', मध्ये फक्त एक आयोटा जास्त. वकील म्हणे एका इकारासाठी एवढी हाणामारी! आणि इथे बंड्या, जो तोपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून होता, तो म्हणाला म्हणजे 'तेच' की 'तसंच' असं ना? सगळे गप्प. परफेक्ट आहे ना पण! हरवलेली छत्री परत मिळाली तर ती 'तीच', नवीन आणली तर 'तशीच'. पुत्राचं तत्त्व पित्याचं तेच (होमोऊसिओस) की तसंच (होमोइऊसिओस), बस, भांडण एवढंच. 'तसंच' म्हटलं तर देव दोन होतात किंवा एक अस्सल आणि एक जवळजवळ अस्सल. सेमिनरीत दोन वर्षांत हे इतकं सरळ कुणी सांगितलं नाही असं फादर म्हणाला.

मला विचाराल तर त्रैक्य हे स्पष्टीकरण म्हणून वाचलं की वकील जिंकतो. पण ते कुंपण म्हणून वाचलं, इकडे तीन देव, तिकडे एक नट तीन मुखवटे, पलीकडे एक मोठा आणि एक दुय्यम, यातलं कुठेच जायचं नाही, तर फादरचं ऐकावं लागतं. आत काय आहे ते कुंपण सांगत नाही, हेही खरं. वकिलाला हे अजिबात पटलेलं नाही, त्याच्या मते ही पळवाट आहे.

आत्मा पित्यापासून निघतो की पित्यापासून 'आणि पुत्रापासून', हा एका जास्तीच्या शब्दाचा पूर्व-पश्चिम चर्चचा वाद पण निघाला होता, पण तोवर उशीर झालेला.

उठता उठता फादरने सांगितलं की त्याच ग्रेगरीने एका प्रवचनात तक्रार केलीये, कॉन्स्टंटिनोपलमध्ये सुट्टे मागा तर समोरचा पुत्र जन्मलेला, पिता अजन्मा असं सुरू करतो, पावाचा भाव विचारा तर पिता मोठा आणि पुत्र त्याच्या खाली असं उत्तर येतं, आंघोळीची तयारी झाली का विचारा तर हमामवाला म्हणतो पुत्र शून्यातून झाला.

बंड्या म्हणाला, "पण पाणी तापलं होतं का?"

"ते ग्रेगरीने लिहिलेलं नाही."