मेलडिर आहे म्हणून एनएफएसवर निर्धास्त राहू नये

मुंबईतल्या सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे : मेलडिरला (प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत ठेवण्याच्या पद्धतीला) लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच फाइल बदलावी यासाठीचे कुलूप, लागत नाही, म्हणून वापरकर्त्यांच्या मेलपेट्या एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवर, निर्धास्त ठेवाव्यात.

यातले खरे तेवढे आधी मान्य करतो. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या या रचनेत प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल ‘टीएमपी’ या तात्पुरत्या डिरेक्टरीत पूर्ण लिहिली जाते आणि मगच नव्या मेलच्या ‘न्यू’ डिरेक्टरीत येते, त्यामुळे दोन यंत्रांनी सगळे मेल एकत्र ठेवणाऱ्या एकाच एमबॉक्स फाइलच्या शेवटी एकदम लिहून ती बिघडवण्याची भीती राहत नाही.

पण लॉक नको म्हणजे पोहोच पक्की, असे होत नाही. एनएफएसचा क्लायंट, म्हणजे ती डिस्क वापरणारे यंत्र, मजकूर काही काळ स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे कोटा (ठरवून दिलेली जागा) संपल्याचे ‘राइट’च्या, म्हणजे लिहिण्याच्या वेळी न कळता ‘एफसिंक’ (डिस्कवर पक्के करणे) किंवा ‘क्लोज’च्या (फाइल बंद करण्याच्या) वेळी कळू शकते. वितरण करणाऱ्या प्रोग्रामने ते उत्तर तपासलेच नाही, तर अर्धवट फाइल ‘न्यू’मध्ये जाते आणि मेलसर्व्हर काम झाले असे समजून रांगेतली चांगली प्रत पुसून टाकतो. तपासून 75 हा तात्पुरत्या अपयशाचा कोड परत केला, तर पोस्टफिक्स हा मेलसर्व्हर मूळ सेटिंगनुसार 5 दिवस प्रयत्न करत राहतो. पाठवणाऱ्याला आपण आधीच ‘250’ (मेल स्वीकारला) म्हणून जबाबदारी घेतलेली असते. ती पाळायलाच हवी.

‘लिंक’चेही, म्हणजे ‘टीएमपी’तल्या फाइलीला ‘न्यू’मध्ये दुसरे नाव देण्याचेही तसेच. काम होऊन उत्तर वाटेत हरवले, तर पुन्हा गेलेल्या विनंतीला ‘फाइल आधीच आहे’ असे उत्तर येऊ शकते. तेव्हा लिंकची संख्या 2 झाली का, ते पाहावे.

वाचणाऱ्या बाजूचा तर या सल्ल्यात विचारच नाही. मेल वाचायला देणाऱ्या डव्हकॉट या सर्व्हरच्या इंडेक्स (सूची) फाइलींना लॉक लागतोच, शिवाय लिनक्स क्लायंट डिरेक्टरीची माहिती सहसा 30 ते 60 सेकंद जुनी दाखवू शकतो. म्हणून एका वापरकर्त्याला एका वेळी एकाच आयमॅप (मेल वाचायला देणाऱ्या) सर्व्हरकडे पाठवणे बरे.

12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा आमच्या अंधेरीच्या कार्यालयातला फाइल सर्व्हर एकदम बंद पडला. त्याचा एक्स्पोर्ट (डिस्क इतर यंत्रांना खुली करण्याची सेटिंग) ‘एसिंक’ होता, म्हणजे डेटा डिस्कवर जाण्याआधीच सर्व्हर ‘लिहिले’ असे सांगत होता. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ‘न्यू’मध्ये शून्य बाइटच्या फाइली निघाल्या, लॉगमध्ये त्या प्रत्येकीपुढे ‘पोहोचला’ अशी नोंद होती. आता तेथे एक्स्पोर्ट ‘सिंक’ आहे, क्लायंटवरची जोडणी, म्हणजे माउंट, ‘हार्ड’ (सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणारी) आहे. मेलडिर तेव्हाही होते.