अंडरटेकर सात वेळा मेला म्हणे!

रविवारी सकाळीच सिडकोतून ताईचा फोन. धाकट्याच्या मानेला पट्टा. थोरल्या भाच्यानं, वय वर्षं अकरा, त्याला दिवाणावर उलटा धरून टीव्हीवरच्या कुस्तीतला ‘टूमस्टोन’ हा डाव घातला होता. विचारलं तर म्हणे, “मामा, ग्रुपवरच आलंय ना, त्यात कुणाला लागत नाही म्हणून!”

आलं होतं खरंच. आमच्या काकांनी पुढे ढकललेलं ‘अंडरटेकरबद्दल पाच थक्क करणाऱ्या गोष्टी’. अंडरटेकर म्हणजे त्या अमेरिकी कुस्तीतला पैलवान, हा डाव त्याचाच. काका, राग मानू नका, पण वाचून तरी पाठवत जा.

तो सात वेळा मरून जिवंत झाला, ही थाप आम्ही पंचवटीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे (ही कुस्ती भरवणारी कंपनी) पत्ते कुटायचो तेव्हापासूनची. माणसाचं नाव मार्क कॅलवे, जन्म १९६५, ह्यूस्टन. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. १९९० च्या सर्व्हायव्हर सीरिज या त्यांच्या कार्यक्रमात अंडरटेकर म्हणून उतरला आणि ३० वर्षांनी तिथूनच निरोप घेतला. मरणं-उठणं सगळं पटकथेतलं.

केन त्याचा जळालेला सख्खा भाऊ? केन म्हणजे दुसरा पैलवान ग्लेन जेकब्स, २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर झाला. नातं काडीचं नाही.

अक्षयकुमारनं त्याला लोळवलं? खुद्द अक्षयनंच २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की ‘खिलाडियों का खिलाडी’मधला अंडरटेकर हा ब्रायन ली होता. याच लीला १९९४ च्या समरस्लॅम या कुस्तीच्या कार्यक्रमात नकली अंडरटेकर म्हणून उभा केला होता आणि अस्सलनं तिथेच आडवा केला. म्हणजे अक्षयच्या वाट्याला आला तो आधीच हरलेला डुप्लिकेट.

कलश घेऊन फिरणारा मॅनेजर पॉल बेअरर खऱ्या आयुष्यातही अंत्यविधीचा व्यवसाय करायचा, हे मात्र बरोबर आहे. काकांना एक गुण.

आता ‘सगळं नाटक, कुणाला ओरखडाही येत नाही’. निकाल आधी ठरतो, मान्य. कंपनीनंच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हा खेळ नव्हे, करमणूक आहे असं सांगितलं होतं. पण ठरलेला असतो तो निकाल. हाडं खरीच असतात. रिंगणात कापडाखाली पातळ फोम, त्याखाली फळ्या, त्याखाली लोखंड. टूमस्टोनमध्ये उलट्या माणसाचं डोकं मांड्यांमध्ये गुडघ्यांच्या वर धरतात आणि धरणारा गुडघ्यांवर बसतो, म्हणून डोकं जमिनीला टेकत नाही. १९९७ मध्ये असाच डाव टाकताना पैलवान ओवेन हार्ट गुडघ्यांऐवजी बुडावर बसला, समोरच्या स्टीव्ह ऑस्टिनचं डोकं खाली राहिलं. काही क्षण त्याला हातपाय हलवता येईनात. मानेचं ते दुखणं पुढे त्याला निवृत्तीपर्यंत घेऊन गेलं. ही दोन्ही माणसं वर्षानुवर्षं पडायचं कसं ते शिकलेली. आमच्या भाच्याचं प्रशिक्षण म्हणजे मोबाइल आणि दिवाणावरची कापसाची गादी.

स्वतः अंडरटेकरच्या डोळ्याभोवतीचं हाड १९९५ मध्ये मोडलं. परतला तो चेहऱ्यावर मुखवटा लावून. हे मी दोघा भाच्यांना समोर बसवून सांगितलं, जरब बसावी म्हणून. थोरला गप्प झाला. धाकटा पट्ट्यातून मान न वळवता, सबंध अंगानंच माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “मामा, तसला मुखवटा मेनरोडला मिळेल?”