पाणबुडीवर काही घडत नाही, हे खरं नाही

पाणबुडीवरच्या सैनिकी जीवनाची मालिका फसली आणि तिच्या बचावाचा एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘पाणबुडीवर घडण्यासारखं काही नसतंच. महिनोन्‌महिने बंद डब्यात बसून राहायचं. म्हणून लेखकाला मारामाऱ्या आणि आरडाओरडा घालावाच लागला.’ यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘घडण्यासारखं काही नसतं.’ दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. २०० मीटरवर समुद्राचं पाणी आणणाऱ्या नळाला ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं, तर सेकंदाला सुमारे ७० लिटर, म्हणजे मिनिटाला चार टनांहून जास्त पाणी आत येतं. त्याचे तुषार कक्षभर उडतात, समोरचं दिसत नाही, विजेच्या पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट होतं. अशा वेळी समुद्राकडचे व्हॉल्व्ह बंद करायचे, वेग वाढवून नाक वर उचलायचं आणि बॅलास्ट टाक्यांत (पाणी भरून किंवा काढून पाणबुडी खाली-वर नेणाऱ्या टाक्यांत) दाबाची हवा सोडून पाणी बाहेर ढकलायचं. यातली प्रत्येक पायरी दगा देऊ शकते. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. चौकशीतून पुढे आलेला संभाव्य क्रम असा: नळाचा जोड फुटला, अणुभट्टी बंद पडून वेग गेला, आणि टाक्यांत हवा नेणाऱ्या नळांतल्या गाळण्यांवर बर्फ साचला. दाबाची हवा झपाट्याने प्रसरण पावली की थंड होते आणि तिच्यातला ओलावा गोठतो. हवा कोरडी ठेवणं हे किती मोठं काम आहे, ते इथे कळतं. मालिकेत गळती फक्त घोट्यापर्यंतच्या पाण्यापुरती येते.

‘आरडाओरडा घालावाच लागला.’ पाणबुडी लपते ती शांततेत. मालिकेत सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेचा, ‘पिंग’ सतत वाजतो. प्रत्यक्षात तो सोडला की आपली जागा शत्रूला कळते, म्हणून बहुतेक वेळ नुसतं ऐकायचं असतं. हातातून पडलेला पानाही दूरवर ऐकू जाऊ शकतो. हुकूम मिळालेला माणूस तो शब्दशः परत म्हणतो आणि काम झालं की पुन्हा कळवतो. ओरडणाऱ्या नियंत्रण कक्षात हे जमणारच नाही.

‘बसून राहायचं.’ कोण बसतं? श्वासातला कार्बन डायऑक्साइड यंत्रांनी सतत शोषून घ्यावा लागतो. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून किंवा रासायनिक कांड्या जाळून मिळतो. २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘टायरलेस’वर असं एक उपकरण फुटून दोन नौसैनिक गेले. डिझेल पाणबुडीची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. शिशाच्या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन तयार होतो. २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या ‘सान हुआन’ने स्नॉर्केलमधून, म्हणजे पृष्ठभागावरची हवा आत घेणाऱ्या नळीतून, पाणी शिरून बॅटरीत शॉर्टसर्किट झाल्याचं कळवलं होतं, ४४ जण परतले नाहीत.

भावनांचा प्रश्न असेल, तर गस्तीवरच्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीला संदेश घेता येतात, पण पाठवायचे नसतात; पाठवले तर जागा उघड होते. ब्रिटनच्या अशा पाणबुड्यांवर घरची मृत्यूची बातमी अनेकदा गस्त संपेपर्यंत सांगितली जात नाही. ती बातमी मनात ठेवून त्याच माणसाला रोज पाळीवर पाठवणाऱ्या कॅप्टनचा एकही प्रसंग या मालिकेत नाही.