खुलासा : स्लेड ओढल्याने मुलांची उंची खुंटत नाही

इंदुरातल्या मराठी पालकांमध्ये एक संदेश फिरतोय : कमरेला वजनाची स्लेड (वजन ठेवून जमिनीवरून ओढायची बिनचाकी घसरगाडी) बांधून पळवलं की फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची उंची खुंटते. हे खरं नाही. जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली, झेपेल इतक्या वजनाने केलेल्या सरावामुळे हाडांची वाढ थांबते, असा पुरावा नाही. उलट पहिल्या १०-२० मीटरचा झपाटा वाढायला त्याची मदत होते, आणि चेंडूवर आधी कोण पोचणार ते तिथेच ठरतं. वजन मात्र शेजारच्या मुलाचं बघून ठरवू नका. तीच स्लेड गवतावर वेगळी ओढली जाते, मुरमावर वेगळी; म्हणून मुलाचा वेग किती घटतो ते मोजा. पळण्याची ढब बिघडली तर वजन लगेच उतरवा. गुडघा किंवा टाच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात ते दुखणं अंगावर काढू नये.